भूमिकेचा हिशेब

(बिरसा, जि. बालाघाट येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)

१९५९ साली पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात ‘सांगत्ये ऐका’ लागला आणि १३१ आठवडे उतरला नाही. म्हणजे सलग अडीच वर्षं. दिग्दर्शक अनंत माने, पटकथा-संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. आशा भोसले यांच्या आवाजातली बुगडीची लावणी ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस आजही शोधावा लागेल. ती लावणी पडद्यावर केली जयश्री गडकर यांनी, आणि एका रात्रीत म्हणतात तशा त्या तारका झाल्या. पण चित्रपट उभा होता तो दुसऱ्याच एका बाईच्या खांद्यावर. गावच्या पाटलाने उद्ध्वस्त केलेल्या आईची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर यांचं वय तेव्हा छत्तिशीचं होतं, आणि त्या काळच्या हिशेबाने नायिकेची उमर संपली होती.

अकरा वर्षांनी, १९७० मध्ये, राजहंस प्रकाशनाने एक आत्मकथन काढलं. त्याआधी ते ‘माणूस’ या नियतकालिकातून वाचकांपुढे आलं होतं. सांगणाऱ्या हंसा वाडकर, शब्दांकन अरुण साधूंचं. पुस्तकाचं नाव तेच, ‘सांगत्ये ऐका’. आपल्या आयुष्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा बाईंचं आयुष्य त्यांच्याच एका चित्रपटाच्या नावाने बाजारात आलं. पुढे १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावरून हिंदी चित्रपट केला, त्याचं नाव ‘भूमिका’. नटीचं खासगी आयुष्य आणि तिची भूमिका एकमेकांत गुंतल्याचं याहून ठळक उदाहरण मराठीत तरी नाही.

हा गुंता कुणी घातला, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

लोकांचं उत्तर तयार असतं. नटी म्हटली की असं व्हायचंच, ती पडद्यावर जे करते तेच घरी करते, किंवा घरी जे करते तेच तिला पडद्यावर साधतं. टीकाकार हेच जरा सभ्य भाषेत सांगतात आणि त्याला भूमिकेशी एकरूप होणं म्हणतात. हंसाबाईंचं पुस्तक नीट वाचलं तर दोन्ही उत्तरं टिकत नाहीत.

त्यांचं जन्मनाव रतन साळगावकर. जन्म १९२३, मुंबईत. घराण्याची परंपरा कलावंतिणींची. पणजी-आजीच्या काळातलं वैभव ऐकण्यापुरतं उरलेलं, वडिलांना दारू, घरात पैशाची चणचण. तेरा वर्षांची मुलगी १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात उभी राहिली ती हौसेने नव्हे, चूल पेटावी म्हणून. घराण्याचं नाव सिनेमाच्या पाटीवर नको, म्हणून नात्यातलं वाडकर हे आडनाव लावण्यात आलं. कुटुंबाला मुलीचा पैसा हवा होता आणि आपलं नाव मात्र लपवायचं होतं. गुंत्याचं पहिलं टोक इथे सापडतं. मुलीने अजून धड एकही भूमिका वठवलेली नाही, आणि तिचं नाव तिच्या मालकीचं राहिलेलं नाही.

मग लग्न. जगन्नाथ बंदरकर यांच्याशी झालेल्या या लग्नात हंसाबाईंची अपेक्षा अगदी साधी होती. सिनेमा सोडावा, घर करावं, मुलंबाळं व्हावीत. पुस्तकात ही घराची ओढ इतक्या वेळा येते की तिच्यापुढे दारू, प्रवास, पुरुष यांची वर्णनं फिकी पडावीत. पण घर तर त्यांच्याच कमाईवर चालणार होतं. नवरा कामं ठरवी, करार बघे, आणि बायको ज्यांच्याबरोबर काम करी त्या पुरुषांवरून तिच्यावर संशयही घेई. गर्भ राहिला की कामात खंड पडतो, म्हणून तो पाडला जाई. हे सारं बाईंनी स्वतः सांगितलं आहे आणि आवाज न चढवता सांगितलं आहे. संशय घेणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुडिओत पाठवणारा माणूस एकच होता.

१९४१ साली प्रभातने ‘संत सखू’ काढला. सखू हंसाबाईच. सासुरवासाने गांजलेल्या या कऱ्हाडच्या सुनेची कथा इथे सांगायला नको. सासरच्यांनी तिला बांधून ठेवलं, तेव्हा प्रत्यक्ष विठ्ठल सखूचं रूप घेऊन तिच्या जागी राहिला, दळण-कांडण करत बसला, आणि सखू पंढरीला गेली. महाराष्ट्राने या कथेवर पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसले आहेत. अठरा वर्षांच्या ज्या मुलीने ती पडद्यावर साकारली तिच्या घरी मात्र बदली कामाला कुणी विठ्ठल आला नाही. स्टुडिओतली सखूही तीच आणि घरी राबणारीही तीच. एवढं असून प्रेक्षक तिला पाहून हात जोडत होते.

तिथून सहा वर्षांत चित्र पालटलं. १९४७ मध्ये राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. जयराम शिलेदार शाहीर आणि हंसा वाडकर बया ही तमाशातली नर्तकी. चित्रपट धो धो चालला आणि मराठीत तमाशापटांची लाट आली. आता हंसाबाईंचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सखू येईनाशी झाली, घुंगरू येऊ लागले. त्यांचं कलावंतीण घराणं, त्यांचा मोकळा स्वभाव, पिण्याच्या गोष्टी हे सगळं या भूमिकेला पुरावा म्हणून जोडलं गेलं. सखूच्या वेळी कुणी तिच्या घरात डोकावून पावित्र्याचा पुरावा शोधला नव्हता. नर्तकी झाल्यावर सगळेच साक्षीदार झाले! प्रेक्षकांची ही निवड मोठी शहाणी असते. सोयीची भूमिका तेवढी ते नटीच्या अंगाला चिकटवतात.

याच्या शेजारी दुर्गा खोटे यांचं उदाहरण ठेवून बघावं. जन्म १९०५ चा, मुंबईतलं सुखवस्तू लाड कुटुंब, कॅथीड्रल शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज. सासरची आर्थिक घडी विस्कटली तेव्हा १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटं काम केलं. चित्रपट सुमार होता आणि त्यावरून समाजात बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामतीने तो सगळा धुऊन काढला. त्यांनीही वैधव्य सोसलं, मुलं वाढवली, अनेक प्रकारच्या भूमिका केल्या, पुढे स्वतः चित्रपट काढले, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार घेतला. पण ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना त्यांचं आयुष्य त्यांच्या भूमिकांनी गिळलं असं कुठेच वाटत नाही. फरक प्रतिभेचा नव्हता. दुर्गाबाईंना माघारी फिरायला एक घर होतं, शिक्षण होतं, आणि करारावर सही करणारा हात त्यांचा स्वतःचा होता. हंसाबाईंच्या मागे जे घर होतं ते त्यांनाच पुढे ढकलत होतं.

आणखी एक बाई या संदर्भात आठवायला हवी. शांता आपटे. १९३७ चा शांतारामबापूंचा ‘कुंकू’, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. केशवराव दाते समोर असूनही ती मुलगी पडद्यावरून हलत नाही. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, प्रभात कंपनीशी पगारावरून आणि करारावरून बिनसलं तेव्हा शांताबाई स्टुडिओच्या फाटकावर उपोषणाला बसल्या. सगळ्या पुण्याने हे पाहिलं. पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्यातली पिळवणूक मांडली. नीरा पडद्यावरून फाटकापर्यंत चालत आली, असं म्हणण्याचा मोह होतो. म्हणावंही. मात्र त्या वेळी वादाचा विषय पगार होता हे विसरू नये. इथेही भूमिका आणि आयुष्य एकमेकांत मिसळले, फक्त नटीच्या बाजूने मिसळले.

शोभना समर्थांची गोष्ट निराळ्या वळणाची. १९४३ च्या विजय भट्टांच्या ‘रामराज्य’मधली त्यांची सीता घराघरांतल्या कॅलेंडरांवर जाऊन बसली. लोक त्यांना देवी समजत. प्रत्यक्षात या देवीने नवऱ्यापासून वेगळं होऊन मुली एकटीने वाढवल्या, चित्रपट काढला, आणि १९५० च्या ‘हमारी बेटी’तून नूतनला पडद्यावर आणलं. पुढे मायलेकींचा पैशांवरून झालेला वाद कोर्टापर्यंत गेला आणि बऱ्याच वर्षांनी मिटला. कॅलेंडर बघणाऱ्यांना यातलं काही नको होतं. सीतेचा आणि हिशेबाच्या वहीचा संबंध काय?

संबंध होता, आणि हंसाबाईंच्या बाबतीत तर तोच मूळ धागा. १९४७ नंतरच्या काळात त्या एकदा या सगळ्यातून उठून निघूनच गेल्या. मराठवाड्यातल्या एका खेडेगावी, एका श्रीमंत माणसाच्या वाड्यावर, त्याची तिसरी बायको म्हणून राहिल्या. तिथे कॅमेरा नव्हता, करार नव्हता, कुणी ओळखणारं नव्हतं. डोक्यावर पदर, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. ज्या घराची त्यांनी लहानपणापासून आस धरली होती ते घर मिळालं आणि तो तुरुंग निघाला. शेवटी सोडवायला आला तो पहिला नवराच, ज्याच्यापासून त्या पळाल्या होत्या. कुणा नाटककाराने असं लिहिलं असतं तर समीक्षकांनी ते ओढूनताणून जुळवलेलं ठरवलं असतं.

वाड्यावरचा हा भाग पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा आहे, आणि त्याचं कारण वाड्यातला जाच नाही. नटीपणाचा सगळा साज उतरवल्यावर उरलेली बाईसुद्धा स्वतःच्या मालकीची नव्हती, हे तिथे उघड होतं. सिनेमाने या बाईचं आयुष्य नासवलं असं म्हणणाऱ्यांनी हा भाग आधी वाचावा. जिथे सिनेमा पोचला नव्हता तिथेही तिची गत वेगळी झाली नाही. उलट सिनेमात निदान तिला एक काम येत होतं आणि ते ती उत्तम करत होती. वाड्यातून सुटल्यावर त्या परतल्या कुठे, तर स्टुडिओत. ‘पुढचं पाऊल’ १९५० चा, राजा परांजप्यांचा, सोबत पु. ल. देशपांडे. आणि मग ‘सांगत्ये ऐका’.

बेनेगलना हे सारं कागदावर मिळालं. गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांच्याबरोबर त्यांनी पटकथा रचली, गोविंद निहलानींनी छायाचित्रण केलं, वनराज भाटियांनी संगीत दिलं. काही भाग कृष्णधवल, काही रंगीत. हंसाबाईंची उषा झाली. बंदरकरांच्या जागी केशव दळवी आला आणि अमोल पालेकरांनी तो इतका खरा केला की ‘रजनीगंधा’वर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांना ते पचायला जड गेलं असेल. वाड्याचा मालक विनायक काळे म्हणजे अमरीश पुरी. नसीरुद्दीन शाह, अनंत नाग, आईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. आणि उषा झाली स्मिता पाटील.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा. वडील शिवाजीराव पाटील खानदेशातले राजकारणी, आई विद्याताई सामाजिक कार्यकर्त्या. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या या मुलीला बेनेगलनी हेरलं होतं. ‘भूमिका’च्या वेळी ती एकवीस-बावीस वर्षांची होती, आणि तिने एका मुलीच्या आईपर्यंतचा, थकल्या-भागल्या बाईपर्यंतचा सगळा प्रवास एका चित्रपटात केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. हंसाबाई हे पाहायला हयात नव्हत्या. पुस्तक आल्यावर त्या फार वर्षं राहिल्या नाहीत.

चित्रपट मोठा आहे. तरी त्याच्याविषयी एक तक्रार नोंदवायलाच हवी. ‘भूमिका’तली उषा सोसते, धुमसते, गप्प बसते. पुस्तकातल्या हंसाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. त्या स्वतःला हसतात, दुसऱ्याला टोला हाणतात, आपण किती प्यायलो ते सांगताना पश्चात्तापाचं नाटक करत नाहीत आणि वाचकाकडे दयेची याचना तर मुळीच करत नाहीत. अरुण साधू तेव्हा पंचविशीच्या आसपासचे पत्रकार, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अजून लिहायचे होते. त्यांनी बाईंच्या बोलण्याला पांढरपेशा इस्त्री मारली नाही, हे त्यांचं मराठी वाचकांवर ऋण आहे. पडद्यावर नेमका हा खट्याळपणा हरवला. दुःखी नटी सगळ्यांना चालते; हसणारी, हिशेब मागणारी नटी कुणाच्याच पचनी पडत नाही.

यात एक विलक्षण योगायोगही आहे. मूळ ‘सांगत्ये ऐका’ चित्रपटात आईवर झालेला अन्याय चव्हाट्यावर आणण्याचं काम पुढच्या पिढीकडे जातं, तमाशाच्या बोर्डावर, पाटलाच्या देखत. खऱ्या आयुष्यात हंसाबाईंनी आधी स्वतः सांगितलं, तेही भर नियतकालिकातून. नंतर पुढच्या पिढीतल्या एका नटीने ते देशभर नेलं. पाटलाच्या जागी मात्र कुणी एक माणूस बसलेला नव्हता.

स्मितालाही हा फेरा चुकला नाही. १९८२ मध्ये महेश भट्ट यांचा ‘अर्थ’ आला. त्यातली कविता सन्याल स्वतः चित्रपटातली नटी, विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडलेली. भट्ट आणि परवीन बाबी यांच्या संबंधांतून ही कथा आली हे भट्टांनी कधी लपवलं नाही. म्हणजे एका नटीच्या आयुष्यावरची भूमिका दुसऱ्या नटीने केली, आणि लवकरच तिच्या स्वतःच्या आयुष्यात राज बब्बर आले, जे विवाहित होते. फिल्मी नियतकालिकांना आयतं शीर्षक मिळालं. ‘अर्थ’मधली कविता शेवटी त्या पुरुषाला सोडून देते, एवढंही या मंडळींनी ध्यानात घेतलं नाही. भूमिकेशी तुलना करायची तर निदान चित्रपट शेवटपर्यंत पाहावा! १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलाच्या जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, स्मिता गेली. वय एकतीस. त्यानंतर तिच्या प्रत्येक भूमिकेत लोकांना तिचं मरण दिसू लागलं. हाही त्याच सवयीचा भाग.

ही सवय अजूनही सुटलेली नाही. २०२० मध्ये ‘शेरनी’च्या चित्रीकरणासाठी विद्या बालन याच बालाघाट जिल्ह्याच्या जंगलात होत्या. दक्षिणेतली नटी सिल्क स्मिता हिच्या आयुष्यावरून बेतलेल्या ‘द डर्टी पिक्चर’ने त्यांना २०११ सालचा राष्ट्रीय पुरस्कार दिला होता. ‘भूमिका’नंतर जवळजवळ तीन तपं उलटली तरी पुरस्कार मिळवून देणारी सर्वांत हमखास भूमिका कोणती, तर आयुष्यातून उठलेल्या नटीची. तिच्या हयातीत तिला टाकून बोलायचं आणि ती गेल्यावर तिची भूमिका करणारीला टाळ्या द्यायच्या, असा हा व्यवहार आहे.

बिरसा-बैहर भागाला हा विषय लांबचा वाटण्याचं कारण नाही. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, विदर्भ मध्य प्रदेशातून बाहेर गेला आणि बालाघाट तिथेच राहिला, पण गोंदिया-भंडाऱ्याकडचं नाटकाचं वेड सीमेवर थांबलं नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्या आहेत. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की त्यांचा हंगाम लागतो, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. खडी गंमत या इथल्या लोकनाट्यात बाईचं काम पुरुषच करीत आला; झाडीपट्टीच्या नाटकात आज बाया काम करतात, नागपूरकडून, अगदी पुण्या-मुंबईकडूनही येतात. एकीने रात्री खलनायिका रंगवली की सकाळी चहाच्या टपरीवर तिच्या चारित्र्याची चर्चा रंगते. हंसाबाईंना जे भोगावं लागलं त्याची ही लहान आवृत्तीच.

हंसाबाईंच्या आयुष्यातला गुंता कलेने घातला नव्हता. तेराव्या वर्षी कुणी तिला कामाला लावलं, करारावर कुणी सही केली, पैसे कुणाच्या खिशात गेले, गर्भ ठेवायचा की नाही हे कुणी ठरवलं, या प्रश्नांच्या उत्तरांत तो उलगडतो. शांता आपटे यांनी हेच प्रश्न फाटकावर बसून विचारले, म्हणून भूमिका त्यांच्या कामी आली. दुर्गाबाईंना ते विचारावे लागले नाहीत. हंसाबाईंनी ते विचारले तेव्हा फार उशीर झाला होता, पण विचारले, आणि छापून आणले.

म्हणून या भागातल्या नाटक मंडळांना आणि मंडईच्या आयोजकांना एक विनंती आहे. आपल्या गावी नाटक लावताना कंपनीशी बोलणी होतात, बिदागी ठरते, विसार दिला जातो. या वर्षी त्या बोलण्यांत एक अट घालावी. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचं मानधन आधी ठरलेलं असावं, आणि ते पडदा पडल्यावर तिच्या स्वतःच्या हातात दिलं जावं.